यशबाचे प्राणी आणि त्यांचें वय

पुण्याच्या बुधवार पेठेंत तपकीर गल्ली या नांवाची एक गल्ली आहे. तेथें आज चिमूटभर तपकीर मिळावयाची नाहीं; दुकानें आहेत तीं विजेच्या दिव्यांचीं, तारांचीं आणि बटणांचीं. पेठेची कथाहि अशीच. जुन्या नोंदींत या वस्तीचें नांव मुहियाबाद असें सांपडतें. तें औरंगजेबाच्या काळचें. पेशवाईंत तिची बुधवार पेठ झाली. पेशव्यांचा बुधवार वाडा १८७९ सालच्या आगींत जळून गेला, तरी चौकाचें आणि पेठेचें नांव टिकलें. गल्लीला नांव असतें, पेठेला दप्तर असतें, वाड्याला जमाखर्च असतो; म्हणून कोणती गोष्ट केव्हांची हें शोधणाऱ्याला कोठेंतरी धागा सांपडतो. परंतु मुठींत मावेल असा दगडाचा एखादा वाघ किंवा बेडूक समोर ठेवला आणि हा केव्हांचा असें विचारलें, तर काय उत्तर द्यावयाचें? चीन देशांतील जेड नांवाच्या दगडाच्या प्राण्यांसंबंधीं हा प्रश्न गेलीं हजार वर्षें विचारला जात आहे, आणि त्याचीं उत्तरें मोठमोठ्या जाणत्यांनीं चुकीचीं दिलेलीं आहेत.

तपकिरीचा उल्लेख अगदींच निष्कारण केलेला नाहीं. चीनमधील श्रीमंत लोक तपकीर डबींत ठेवीत नसत. बोटभर उंचीच्या कुपींत ठेवीत, आणि कुपीच्या बुचाला आंतून एक चिमुकला चमचा असे. अशा कुप्या जेडच्याहि करीत. आतां तंबाखू ही मूळची अमेरिकेची. ती चीनमध्यें पोंचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हां तपकिरीची कुपी कितीहि जुनाट दिसली तरी ती त्यापूर्वींची असूं शकत नाहीं, हें दगडाकडे न पाहतांच सांगतां येतें. वस्तूचा उपयोगच येथें साक्ष देतो. प्राण्याच्या आकृतीला असा उपयोग नाहीं. डुक्कर चार हजार वर्षांपूर्वीं जसें होतें तसेंच आजहि आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं मुंबईचें छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलें असेल (जुन्या पिढीला तें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नांवानें ठाऊक आहे) त्यांना तेथील चिनी व जपानी वस्तूंचा विभाग आठवेल. जमशेटजी टाटा यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनीं आपल्या हयातींत जमविलेला संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९१८ नंतर, या संस्थेकडे आला. थोरले बंधु सर दोराबजी यांचा संग्रह १९३३ सालीं आला. चिनी मातीचीं भांडीं, हस्तिदंती काम आणि जेडच्या वस्तु या दोन्ही संग्रहांत आहेत. मुंबईच्या पारशी घराण्यांचा चीनशीं व्यापार फार जुना. येथून अफू आणि कापूस जाई, तिकडून चहा, रेशीम आणि चिनी भरतकाम येई. स्वतः जमशेटजी तरुणपणीं, १८५९ सालीं, व्यापारासाठींच हाँगकाँगला गेले होते. अशा घरांत चिनी कलेची आवड उत्पन्न व्हावी यांत नवल नाहीं. पण संग्राहकाच्या हातीं वस्तु येते ती बहुधा विक्रेत्याकडून, आणि कोणत्या गांवीं, कोणत्या थडग्यांत, कशाच्या शेजारीं ती सांपडली, हें विक्रेत्याला एक तर ठाऊक नसतें, किंवा ठाऊक असून सांगावयाचें नसतें. सगळ्या अडचणीचें मूळ येथें आहे.

आधीं दगडाविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील हकीम आणि अत्तार ज्याला संगे यशब म्हणतात तोच हा दगड. हृदयाची धडधड शमविण्यासाठीं यशबाची चकती गळ्यांत बांधण्याची रीत मोगलांच्या काळीं होती. तिला हौलदिली म्हणत. शाहजहान बादशहाची अशी एक चकती लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे, आणि तिच्यावर सालहि कोरलेलें आहे. युरोपियन लोकांनीं याचा संबंध कमरेच्या आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याशीं जोडला. जेड हा शब्द कमरेच्या बाजूच्या स्पॅनिश नांवावरून आला आणि शास्त्रीय नांव नेफ्राइट हें मूत्रपिंडावरून. १८६३ सालीं दामूर या फ्रेंच रसायनज्ञानें दाखवून दिलें कीं, जेड या एका नांवाखालीं दोन अगदीं निराळे दगड खपत आहेत. एक नेफ्राइट आणि दुसरा जेडाइट. नेफ्राइट म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या सूक्ष्म तंतूंचा दगड, जणू कांहीं बुरणूस. म्हणून तो फुटतां फुटत नाहीं. जेडाइट किंचित् अधिक कठीण आणि वजनानें भारी. चीनचा प्राचीन जेड तो सर्व नेफ्राइट. पुढील काळांत तो मुख्यतः खोतानकडील नद्यांच्या पात्रांतून येई. पोपटी हिरवा जेडाइट ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील डोंगरांतून येतो, आणि तो चीनमध्यें मोठ्या प्रमाणांत येऊं लागला अठराव्या शतकांत. तेव्हां हान काळचा, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींचा, म्हणून कोणी हिरव्यागार जेडाइटचा घोडा विकावयास आणला, तर त्याला दारांतूनच परत पाठवावें. कालनिर्णयाच्या या सगळ्या व्यवहारांत निःशंकपणें सांगतां येण्याजोग्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांतील ही एक.

दुसरी गोष्ट अशी कीं, यशब कोरला जात नाहीं, झिजविला जातो. पोलादाच्या टोंकानें त्यावर धड ओरखडा उठत नाहीं. ओली वाळू आणि तीहून कठीण अशा दगडांची पूड दोरीला, नळीला किंवा फिरत्या चकतीला लावून, तासन् तास घांसून आकार काढावा लागतो. एक लहानसा प्राणी घडवावयास कित्येक आठवडे लागत. आणि एकदां घडला म्हणजे तो झिजतहि नाहीं. लांकडाला कीड लागते, तांबें हिरवें पडतें, कापड विरतें. यशब मात्र खणांत ठेवला तर पांचशें वर्षांनींहि कालच झिलई केल्यासारखा दिसतो. जी गोष्ट त्याच्या कीर्तीचें कारण तीच इतिहासकाराची फसगत करते.

येथें कोणी म्हणेल कीं, आतां शास्त्र एवढें पुढें गेलें आहे, मग यंत्रांत घालून वय काढतां येत नाहीं काय? येत नाहीं. कोळसा, हाड, धान्य यांचें वय त्यांतील किरणोत्सर्गी कार्बनावरून काढतात, कारण त्या वस्तु एके काळीं सजीव होत्या. मातीच्या भांड्याचें वय त्याला भट्टींत आंच लागली त्या क्षणापासून मोजण्याची युक्ति आहे. यशब कधीं सजीव नव्हता आणि तो भट्टींतहि गेलेला नाहीं. त्याचें वय मोजावयाचेंच म्हटलें तर तें पर्वताचें वय निघेल. पाहिजे आहे तें कारागिराच्या हाताचें वय. ते दोन आंकडे एकमेकांपासून कोट्यवधि वर्षें दूर असतात.

राहतां राहिली शैली. डोळा कसा, नाक कसें, पाठीचा बांक कसा, यावरून काळ ओळखावयाचा. चिनी जाणते हेंच करीत आले आणि पुष्कळ वेळां बरोबरहि ठरले. हान राजांच्या काळीं, इ. स. पूर्वीं २०६ ते इ. स. २२० पर्यंत, मृताच्या जिभेवर यशबाची रातकिड्यासारखी एक आकृति ठेवीत. तो किडा म्हणजे सिकेडा; जमिनीखालीं वर्षें काढून पुन्हां वर येतो म्हणून तो पुनर्जन्माची खूण. मृताच्या मुठींत यशबाचें निजलेलें डुक्कर देत. हीं दोन्ही कामें मोजक्या, खोल आणि सरळ रेघांनीं केलेलीं असतात. पांच-सात फटकाऱ्यांत प्राणी उभा. ही रीत एकदां पाहिली कीं विसरत नाहीं. पण जी रीत विसरत नाहीं ती नक्कलहि करतां येते, हें ओघानेंच आलें.

ही अडचण पुणेकरांना परकी वाटावयास नको. बुधवार पेठेला लागूनच शुक्रवार पेठेंत दिनकर गंगाधर केळकर यांनीं जन्मभर जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय आहे. तेथें घोड्याच्या, पोपटाच्या आणि नाना आकारांच्या अडकित्त्यांचा मोठा संग्रह पाहावयास मिळतो. अशा अडकित्त्यावर साल नसतें. बापानें जो घोडा घडविला तोच मुलगा घडवितो, नातूहि तोच घडवितो. गिऱ्हाइकालाहि तोच पाहिजे असतो. फसविण्याचा हेतु येथें कोणाचाच नाहीं, तरी शंभर वर्षांचें अंतर सहज बुजून जातें. चीनमध्यें हेंच झालें, पण शंभर वर्षांच्या ऐवजीं तीन हजार वर्षें झालें, आणि त्यांत पुरातनाविषयींच्या भक्तीची भर पडली. सुंग काळांत विद्वानांना जुन्या वस्तूंचें वेड लागलें. ल्यू ता-लिन यानें १०९२ सालीं प्राचीन भांड्यांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला, त्यांत कांहीं यशबाच्या वस्तूहि आहेत. पुस्तकांत चित्र आलें कीं त्यावरून नवी वस्तु घडविणें सोपें. पूर्वजांचा मान म्हणून घडविलेली ती वस्तु दोनशें वर्षांनीं बाजारांत आली म्हणजे पूर्वजांची म्हणूनच खपते.

पुस्तकांवर तरी विश्वास ठेवावा काय? प्राचीन यशबाचा शंभर भागांचा एक भव्य सचित्र ग्रंथ १७७९ सालीं चीनमध्यें छापला गेला. तो ११७६ सालीं सम्राटाच्या आज्ञेनें रचलेला आहे असें त्याच्या प्रस्तावनेंत म्हटलें होतें. युरोपांतील पंडितांनीं त्यावर पुष्कळ दिवस भिस्त ठेवली; त्यांतील चित्रें आपल्या ग्रंथांत घेतलीं. आज तो ग्रंथच मागाहून रचलेला बनाव मानला जातो. बनावट वस्तु बनावट पुस्तकावरून अस्सल ठरवावयाची, अशी ही साखळी होती.

अठराव्या शतकांतील च्येन-लुंग बादशहा हा या क्षेत्रांतील सर्वांत मोठा रसिक. १७३६ ते १७९५ अशीं साठ वर्षें त्यानें राज्य केलें. १७५९ सालीं खोतानचा मुलूख त्याच्या हातीं आला आणि यशबाचे धोंडे राजधानींत येऊन पडूं लागले. जुन्या वस्तूंवर स्वतःच्या कविता कोरविण्याचा त्याला नाद होता. त्याच्या संग्रहांत एक पेला होता. रंग जुनाट तांबूस, घडण हान काळची वाटावी अशी. बादशहानें तो आपल्या पदरच्या याओ त्सुंग-रेन नांवाच्या कारागिराला दाखविला. याओच्या घराण्यांत यशबाचें काम पिढीजात चालत आलेलें. त्यानें पेला पाहिला आणि सांगितलें कीं, हें तर आपल्या आजोबांच्या हातचें काम. दगडाला सूक्ष्म टोंचे पाडून, त्यांत रंग मुरवून, मंद विस्तवावर दीर्घ काळ शेकून हा जुनाटपणा कसा आणतात तेंहि त्यानें उलगडून सांगितलें. बादशहाचा मोठेपणा असा कीं, त्यानें हा प्रसंग दडपला नाहीं; त्यावर स्वतः एक टिपण लिहून ठेवलें. सार्वभौम राजाला त्याचा नोकर भर दरबारीं त्याची चूक दाखवितो आणि राजा ती लिहून ठेवतो, असे प्रसंग इतिहासांत फार नाहींत.

तरीहि हाच बादशहा इतर ठिकाणीं चुकला. बाहेरून चौकोनी आणि आंतून पोकळ असे यशबाचे उंच ठोकळे त्याच्या संग्रहांत होते. त्यांच्या कोपऱ्यांवर वटारलेल्या डोळ्यांचे पशुमुख आणि मनुष्यमुख कोरलेले असतात. हे पालखीच्या किंवा गाडीच्या दांड्याचें टोंक झांकण्यासाठीं असावेत असें त्याचें मत पडलें. एका ठोकळ्यावर त्यानें आपली कविता कोरविली ती उलटी, म्हणजे वस्तूचें डोकें खालीं आणि पाय वर धरून. त्या ठोकळ्यांचें खरें वय कळावयास १९७३ साल उजाडावें लागलें. त्या सुमारास सूचौजवळच्या उत्खननांत तसेच ठोकळे ल्यांगचू संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांशेजारीं, एकाच थडग्यांत सांपडले, आणि शतकानुशतकें ज्यांना दोन-तीन हजार वर्षांचे समजत होते ते साडेचार-पांच हजार वर्षांचे ठरले. कविता कोरून झाली होती. ती आतां पुसतां येत नाहीं.

थडगें हें जें कांहीं सांगतें तें विक्रेता सांगूं शकत नाहीं. चीनच्या ईशान्येस, आंतर मंगोलियांत आणि ल्याओनिंग प्रांतांत, वेटोळें घातलेला, डुकरासारख्या तोंडाचा एक विलक्षण प्राणी यशबांत घडविलेला सांपडतो. संग्रहालयांत असे प्राणी पूर्वींपासून होते. त्यांच्या चिठ्ठ्यांवर शांग, चौ किंवा हान असें कांहीं तरी लिहिलेलें असे. १९७१ सालीं एका खेडुताला हातभर नसली तरी वीतभर उंचीची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली यशबाची आकृति शेतांत सांपडली, पण ती एकटीच. तिच्याजवळ काळ सांगणारें दुसरें कांहीं नव्हतें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत न्यूहल्यांग येथील थडगीं शास्त्रीय रीतीनें उकरण्यांत आलीं, आणि तेथें प्रेतांच्या छातीवर हे वेटोळ्याचे प्राणी ठेवलेले आढळले. तेव्हां हे हुंगशान संस्कृतीचे, म्हणजे ख्रिस्तपूर्व साडेचार ते तीन हजार या काळांतील, हें ठरलें. एका उत्खननानें संग्रहालयांतील चिठ्ठ्या दोन-तीन हजार वर्षांनीं मागें सरकविल्या. आणि लगेच दुसरी गोष्ट घडली. हुंगशान हें नांव बाजारांत गाजतांच हुंगशानच्या बनावट प्राण्यांचा पूर लोटला. अस्सल वस्तूचें चित्र छापून आलें कीं कारागिरांच्या खोलींत तें भिंतीवर टांगलें जातें. सुंग काळापासून हेंच चालत आलें आहे.

मग थडग्यांत सांपडलें कीं प्रश्न मिटला असें समजावें काय? तेंहि नाहीं. १९७६ सालीं आन्यांग येथें फू हाओ या राणीचें थडगें उघडण्यांत आलें. वू तिंग राजाची ही राणी, सेनापतीचें कामहि करीत असे, काळ इ. स. पूर्वीं सुमारें १२००. चोरांचा हात न लागलेलें शांग राजकुलांतील असें दुसरें थडगें मिळालेलें नाहीं. त्यांत यशबाच्या ७५५ वस्तु निघाल्या. हत्तींची जोडी, वाघ, अस्वल, पक्षी, मासे, असा पशुपक्ष्यांचा मेळाच. चिनी यशबाच्या प्राण्यांचा अभ्यास खऱ्या अर्थानें येथून पक्क्या जमिनीवर आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु त्याच वस्तूंत कांहीं अशा होत्या कीं ज्यांची घडण राणीच्या काळाशीं जुळेना. एक तर उघड हुंगशान धाटणीची. म्हणजे राणीच्याहि पूर्वीं दोन हजार वर्षांची. एक डौलदार पक्षी दुसऱ्याच, यांगत्से नदीकडील प्राचीन संस्कृतीचा. राणीलाहि जुन्या वस्तूंची आवड असावी, किंवा त्या लढाईंत लुटून आणलेल्या असाव्यात. कसेंहि असो; थडग्याचें वय कळलें म्हणजे त्यांतील वस्तु त्यानंतरची नाहीं एवढेंच कळतें. ती किती आधींची, हा प्रश्न उरतोच. आजीची पाटली नातीच्या हातांत असते. लग्नाच्या सालावरून पाटलीचें साल काढूं गेल्यास काय होईल?

बनावट जुनाटपणाच्या युक्त्या सांगूं लागल्यास रात्र पुरावयाची नाहीं. जमिनींत फार काळ राहिलेल्या यशबाला पांढुरकी किंवा तपकिरी झांक येते. ती आणण्यासाठींच हा सगळा खटाटोप. दगड भाजला कीं तो कोंबडीच्या हाडासारखा पांढरा पडतो. नव्या वस्तूला चिनी रसिकांच्या लेखनांत आणखी दोन नांवें आढळतात, ‘कुत्र्याचा यशब’ आणि ‘मेंढीचा यशब’. पहिल्यांत मेलेल्या कुत्र्याच्या पोटांत दगड घालून तें पुरून ठेवावयाचें. दुसऱ्यांत जिवंत मेंढीच्या मांडीला चीर देऊन आंत दगड शिवून टाकावयाचा आणि कांहीं वर्षांनीं काढावयाचा, म्हणजे त्यावर रक्तासारख्या बारीक रेषा दिसतात. पुरातन वस्तूच्या प्रेमापोटीं मुक्या जनावराचे असे हाल करणाऱ्या माणसाला रसिक म्हणावें कीं कसाई, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

अलीकडे सूक्ष्मदर्शकाची मदत मिळूं लागली आहे. ब्रिटिश म्युझियमच्या शास्त्रज्ञांनीं यशबावरील रेघांचे मऊ रबरासारख्या द्रव्यांत ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. हातानें घांसलेल्या गारगोटीच्या टोंकाची रेघ, फिरत्या चकतीची रेघ, आणि हल्लींच्या हिरकणीच्या यंत्राची रेघ या तिन्ही निरनिराळ्या दिसतात. ज्या काळीं फिरती चकती नव्हती त्या काळच्या म्हणविल्या जाणाऱ्या वस्तूवर चकतीची रेघ सांपडली, तर निकाल लागला. म्हणजे ही रीत खोट्याला पकडते; खऱ्याचें साल मात्र सांगत नाहीं. एकच चकती, एकच वाळू आणि तीच पायटी मिंग काळापासून विसाव्या शतकापर्यंत चालत आली. त्या पांचशें वर्षांच्या पोटांतील भेद सूक्ष्मदर्शकालाहि दिसत नाहीं. आणि संग्रहालयांतील बहुतेक चिनी प्राणी नेमके याच पांचशें वर्षांतले.

हिंदुस्थानांतील यशबाची स्थिति या बाबतींत बरी. मोगल बादशहांना वस्तूवर नांव आणि साल कोरविण्याची हौस होती. तैमूरचा नातू उलुघ बेग याच्या नांवाचा, ड्रॅगनच्या आकाराच्या मुठीचा पांढऱ्या यशबाचा तांब्या जहांगीराकडे आला, मग शाहजहानाकडे. दोघांनींहि त्यावर आपापलीं नांवें कोरविलीं, आणि आज तो लिस्बनला आहे. शाहजहानाचा एक मद्याचा पेला लंडनला आहे. अर्ध्या भोपळ्याचा आकार, तळाशीं कमळ आणि मुठीच्या जागीं मान वळविलेल्या बोकडाचें मस्तक. तो १६५७ सालचा, हें त्यावरच लिहिलेलें आहे. म्हणजे मुलांनीं राज्यासाठीं भांडण सुरू केलें तेंच वर्ष. पशूच्या आकृतीचें वर्ष इतक्या नेमकेपणें सांगतां यावें हें चिनी यशबाच्या अभ्यासकाला स्वप्नवत् वाटेल.

पण हिंदुस्थानांतहि एक मुका प्राणी आहे. १८०३ सालीं अलाहाबादेस, म्हणजे हल्लींच्या प्रयागराज येथें, एका तलावाच्या तळाशीं हिरव्या यशबाचें एक कासव सांपडलें. एकाच धोंड्यांतून काढलेलें, लांबी सुमारें दीड फूट, वजन सुमारें ४१ किलो. १८३० सालीं तें ब्रिटिश म्युझियमला मिळालें. पायांचीं नखें, पाठीच्या ढालींच्या सांधी, मानेवरच्या सुरकुत्या इतक्या बिनचूक आहेत कीं, प्राणिशास्त्रज्ञांनीं तें गंगा-यमुनेंतील कोणत्या जातीचें कासव आहे, आणि तें मादी आहे, हेंहि सांगितलें. कारागिरानें जिवंत कासव समोर ठेवूनच काम केलें असलें पाहिजे. मात्र त्यावर अक्षर नाहीं. शाहजादा सलीम, म्हणजेच पुढचा जहांगीर, बापाशीं बिनसल्यावर १६०० ते १६०४ च्या सुमारास अलाहाबादेस आपला दरबार थाटून होता. त्याला पशुपक्ष्यांच्या निरीक्षणाचा मोठा नाद होता. एवढ्या मोठ्या यशबाचा खर्च राजालाच परवडणारा. या तीन गोष्टी एकत्र करून कासवाला सतराव्या शतकाच्या आरंभाचें मानतात. अनुमान सुंदर आहे, आणि बहुधा बरोबरहि असेल. पण जाति कळली, लिंग कळलें, आणि साल मात्र अनुमानावर, हें या कासवाचें खरें वैशिष्ट्य.

महाराष्ट्रालाहि असाच एक वाद ठाऊक आहे. १९७४ सालीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें झाडाचें खोड उकरतांना एका भिल्ल शेतकऱ्याला चार कांस्यवस्तु सांपडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ, ज्यांत एक पुरुष उभा आहे. सगळ्या भरीव, सर्वांचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक. तेथें उत्खनन करणारे साळी आणि त्यांच्या मताचे ढवळीकर यांनीं त्या उत्तर-हडप्पा काळाच्या, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या ठरविल्या. धातूचें पृथक्करण करणारे अग्रवाल म्हणाले कीं, यांत सोमल शेंकडा एकाहून अधिक आहे, इतर ताम्रपाषाणकालीन वस्तूंत तसा तो मिसळलेला आढळत नाहीं. तेव्हां त्या बऱ्याच मागाहूनच्या असूं शकतील. शेतकऱ्याच्या कुदळीऐवजीं उत्खनन करणाऱ्याच्या खुरप्यानें त्या प्रथम पाहिल्या असत्या, तर कोणत्या थरांत, कोणत्या खापरांबरोबर त्या होत्या हें वादापलीकडे लिहिलें गेलें असतें. धातूचें निदान पृथक्करण तरी होतें. यशबाचें पृथक्करण केलें तर यशब एवढेंच उत्तर येतें.

चांगल्या संग्रहालयांतील चिठ्ठ्या आतां बदलल्या आहेत तें यामुळें. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं जेथें ‘हान’ असें एक अक्षर बेधडक लिहिलेलें असे, तेथें आज ‘मिंग किंवा छिंग, बहुधा सतरावें ते अठरावें शतक, प्राचीन घाटणीस अनुसरून’ असें लांबलचक वाक्य दिसतें. प्रेक्षकाला तें मिळमिळीत वाटतें, आणि ज्या कुटुंबानें ती वस्तु हान म्हणून मोठी किंमत देऊन घेतली असेल त्याला तर तें वाक्य सहन होत नाहीं. च्येन-लुंगच्या कारखान्यांतून निघालेल्या कांहीं वस्तूंवर ‘च्येन-लुंगच्या काळीं, प्राचीनाचें अनुकरण’ असें स्पष्ट कोरलेलें असे. इतका प्रामाणिकपणा दाखविणारे ते कारागीर होते. तें कोरीव वाक्य घांसून काढावयास मात्र दुसऱ्या कारागिराला दोन दिवससुद्धां लागत नाहींत, आणि घांसलेल्या जागेवर पुन्हां झिलई चढली कीं तेथें कधीं अक्षरें होतीं हें बोटालाहि लागत नाहीं.